मुहूर्त नसलेले दिवस

घरंगळत येणारा चेंडू तळव्याखाली थांबतो तेव्हा एक आवाज संपतो. गुळगुळीत फरशीवरची ती जड, दबकी घरघर एकाएकी मिटते, आणि ती मिटते त्या जागी अक्काचा उजवा पाय असतो. टाच जमिनीपासून बोटभर वर, बोटं पसरलेली, चवडा चेंडूच्या माथ्यावर इतका हलका टेकलेला, की झोपलेल्या मुलाच्या कपाळावर ताप पाहण्यासाठी ठेवलेला हात आठवावा. डोळे चेंडूकडे नसतात. ते खिडकीकडे, खांबाकडे, आमच्यापैकी कुणीतरी मोकळी सोडलेल्या बाजूकडे गेलेले असतात. पुढच्या क्षणी चेंडू तिथे नसतो, पायही नसतो. राहते ती फक्त त्या थांबण्याची जागा.

अक्काचं नाव गिरिजा. तिचं घराणं मूळचं गडहिंग्लजकडचं, आणि तिकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून आमच्या संघातल्या साऱ्या मुलीही तिला अक्काच म्हणतात. ती आमची फुटसालची प्रशिक्षक. त्याआधी ती खेळाडू होती, आणि खेळणं हाच तिचा पोटापाण्याचा व्यवसाय होता, हे कोल्हापुरात सांगितलं तर लोक एकदा तिच्याकडे आणि एकदा तिच्या पायांकडे बघतात.

फुटसाल म्हणजे पाच-पाच जणींचा, छपराखाली खेळायचा फुटबॉल. चेंडू लहान आणि जड असतो, म्हणून तो उसळत नाही. मैदान इतकं आखूड की मान वळवेपर्यंत समोरची अंगावर आलेली असते. बाहेर गेलेला चेंडू आत घ्यायला चार सेकंद मिळतात. पंच हात वर करून एकेक बोट उघडत जातो, आणि चार पुरी झाली की चेंडू दुसऱ्या संघाचा होतो. अक्काच्या जगण्याची लय त्या चार बोटांत मावते. भाजीच्या पाटीसमोर ती त्याहून जास्त वेळ उभी राहिलेली मी पाहिलेली नाही. रिक्षा थांबायच्या आत ती चढलेली असते, आणि पोचायच्या आत तिचा एक पाय बाहेर आलेला असतो. चहा ती चालत पिते. उभी असली तरी तिच्या उजव्या तळव्याखाली काहीतरी फिरत असतं: स्वयंपाकघरात राहिलेलं लिंबू, एखादा नारळ, काहीच नसलं तर आमच्यापैकी कुणाची तरी पाण्याची बाटली. शेजारी उभं राहिलं की त्या फिरण्याची एक बारीक थरथर फरशीतून आपल्या पायांतही चढते आणि मग आपल्यालाही कुठेतरी निघायचं राहून गेल्यासारखं वाटू लागतं.

या शहराला मोठं मैदान आवडतं. चिखल, धुरळा, गॅलरीतली गर्दी, पेठांची जुनी ईर्षा यांवर वाढलेल्या माणसांना आमचा खेळ खेळच वाटत नाही. एकदा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर एकजण मोठ्यानं म्हणाला होता, "फरशी पुसायला कोच कशाला लागतोय म्हणतो मी?"

अक्का वळलीसुद्धा नाही. "पावणं, तुमच्या ग्राउंडवर चेंडूला पळायला जागा हाय," ती म्हणाली. "आमच्यात माणसालाच न्हाई. एकदा या की बघायला. मान मोडून जाशीला."

टपरीवाला हसला, तो माणूसही हसला. अक्काचा चहा तोवर संपला होता आणि ती रस्त्याच्या पलीकडे पोचली होती.

तिच्या लहानपणाबद्दल मला जे ठाऊक आहे ते आवाजांतून ठाऊक आहे. राजारामपुरीत तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. शाळा सुटली की तिला गल्ल्यामागच्या स्टुलावर बसवत. पाय जमिनीला जेमतेम पोचत आणि पायाखाली एक पितळी तांब्या असे. तो ती पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत राही. गिऱ्हाइकाला परात दाखवता दाखवता वडील मध्येच ओरडत, "सुम्म कूड!" म्हणजे कानडीत, गप बस. तांब्या थांबे. गिऱ्हाईक परातीवर टिचकी मारून नाद ऐकत असे आणि त्या नादाच्या आडोशाने तांब्या पुन्हा चालू होई. ही हकिकत ती सांगते तेव्हा वडिलांचा आवाज काढते, हसते, आणि हसणं संपल्यावरही तिचा पाय चालू असतो.

त्या तांब्यापासून समुद्रापलीकडच्या बेटापर्यंतचा रस्ता तिने मला कधी सलग सांगितला नाही. मुलांमध्ये मुलगी म्हणून गल्लीत खेळली, मग मुंबईत, मग बेंगळुरूत, आणि मग मालदीवच्या एका क्लबने तिला बोलावलं. तिथे ती सात हंगाम खेळली. सात हंगामांतल्या गोलांची संख्या तिला आठवत नाही. तिला आठवतो तो उजेड. "तिकडं सांज न्हाईच बघ," ती म्हणते. "बटन बंद केल्यागत दिवस जातोय." कोर्टाला चारी बाजूंनी जाळी होती आणि जाळीपलीकडे समुद्र. वाऱ्याबरोबर येणारं खारट पाणी जमिनीवर बसे, त्यामुळे पहिली पाच मिनिटं प्रत्येकीचा पाय घसरे. अक्काचा घसरत नसे, कारण ती पाय उचलतच नसे. लोक स्कूटरवर बसूनच सामना बघत आणि तळव्याने चेंडू थांबला की हॉर्न वाजवत. गोल झाल्यावर नव्हे. चेंडू थांबल्यावर. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला मी अभिमान म्हणणार नाही. आपण बंद करून आलेल्या घरात दिवा चालू दिसावा, तसं काहीतरी असतं ते.

वडील गेले तेव्हा ती त्या बेटावर होती. विमानं बदलत ती आली तोवर सगळं उरकलं होतं. त्यानंतर वर्षभरात गुडघा गेला, क्लबने पुढचा करार केला नाही, आणि तेहतिसाव्या वर्षी ती एक बॅग घेऊन घरी आली. दुकान भाऊ चालवत होता. स्टूल तिथेच होतं. ती त्याच्यावर एक दिवस बसली, असं तिची आई सांगते. एकच दिवस.

आम्ही खेळतो ते राजारामपुरीच्या मागच्या गल्लीतल्या एका मंगल कार्यालयात. शहरात कृत्रिम हिरवळीची टर्फ खूप झाली आहेत, पण अक्काला कठीण, सपाट, गुळगुळीत जमीन हवी होती. ती इथे मिळाली, कारण कार्यालयाची व्यवस्था बघणारे बसूकाका तिच्या वडिलांचे स्नेही. त्यांच्या टेबलावर पंचांग असतं आणि त्यात लग्नाच्या तिथींभोवती लाल पेन्सिलीचे गोल. ज्या दिवसाभोवती गोल नाही, तो दिवस आमचा. सगळ्या शहराची लगबग ज्या काळात थंडावते, तो आमचा हंगाम: आषाढापासून कार्तिकापर्यंतचे पावसाळी, ओलसर, बिनमांडवाचे महिने.

"तुमचं एक बरं हाय बाबा," बसूकाका म्हणतात. "गुरु-शुक्राचा अस्त झाला की तुमचा उदय."

त्या हॉलमधली सकाळ मला डोळे मिटूनही दिसते. वरच्या निळ्या-पिवळ्या काचांतून ऊन उतरतं आणि फरशीवर तिरपे तुकडे पडतात. चेंडू त्या तुकड्यांतून जाताना निळा होतो, पिवळा होतो, मग सावलीत विझतो. लाल खुर्च्यांच्या चार चळती म्हणजे आमचे दोन गोल. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन मखमली खुर्च्या प्लास्टिकखाली झाकलेल्या. पहिला अर्धा तास अक्का आम्हाला अनवाणी खेळवते. खांबांच्या बुडाशी कुठल्या तरी लग्नातल्या वाळक्या अक्षता राहिलेल्या असतात, त्या तळव्याला टोचतात.

"खाली बघू नगंस," ती म्हणते. "चेंडू तळव्याला कळतोय. डोळ्यांना दुसरी कामं हायत."

राधानगरीकडून पहिल्या एसटीने येणारी सोनाली घरच्या म्हशींच्या धारा काढून येते. तिच्या पायात जोर आहे आणि जिभेत त्याहून जास्त. एकदा पाणी पिताना ती स्टेजकडे बोट करून म्हणाली, "अक्का, दमलासा तर बसा की त्या खुर्चीत. सारखं काय येरझाऱ्या घालताय?"

"त्या खुर्चीत बसायचं जमलं न्हाई म्हणूनच तर हितं उभा हाय मी," अक्का म्हणाली. "आर्धा तास हलायचं न्हाई आन् वरनं फोटोला हसायचं. कुणाला जमंल?"

"लग्नाच्या हॉलात रोज येऊन बिनलग्नाची राहिलेली तुमी एकटीच!"

"तू बी राहतीस का ते कळंलच. चल, ऊठ. चार सेकंद झाली."

मी गोलरक्षक. मागे उभी राहते, जिथून सगळं दिसतं आणि आपण फारसे कुणाला दिसत नाही. मला वाटलं होतं की ही जागा माझ्यासारख्या मुलीसाठीच केलेली आहे. पण गोलरक्षकाने बोलायचं असतं. कुठली बाजू मोकळी आहे, कोण मागून येतंय, हे त्याने ओरडून सांगायचं असतं, आणि माझ्या घशातून आवाज येईपर्यंत खेळ दुसरीकडे गेलेला असे. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून अक्का मला 'मॅडम' म्हणते, चिडली की 'इंग्लिश मीडियम'.

"ए इंग्लिश मीडियम, तोंड हाय का न्हाई तुला? मागनं समदं तुलाच दिसतंय की. दिसतंय ते बोल!"

दिसतंय ते बोल. एवढं साधं वाक्य मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी आणि शाळेत माझ्या गप्प राहण्याचं कौतुक होई. ती एकटीच त्याच्यावर चिडे, आणि चिडून थांबे, म्हणजे खरोखर थांबे, पायाखालचं लिंबू फिरायचं बंद होई. माझ्या तोंडातून शब्द बाहेर येईपर्यंत ती वाट बघे. ज्या बाईला भाजी निवडायला वेळ नव्हता, तिच्याकडे माझ्या वाक्यासाठी वेळ होता.

प्रशिक्षकासाठी मैदानाच्या कडेला एक चौकोन आखलेला असतो. त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. हाच नियम अक्काला जमत नव्हता. प्रत्येक सामन्यात तिला ताकीद मिळे. शेवटी तिने मला पिवळी चिकटपट्टी आणायला लावली आणि हॉलच्या कडेला, तिसऱ्या खांबापाशी तसा चौकोन चिकटवून घेतला. आम्ही खेळत असू आणि ती त्या चौकोनात उभी राहण्याचा सराव करी. तिचं पाऊल बाहेर पडलं की आम्ही सगळ्या ओरडायचं, "अक्का, लाईन!" ती दचकून मागे सरके आणि स्वतःलाच वडिलांच्या आवाजात दटावे, "सुम्म कूड!" पिंजऱ्यातल्या प्राण्याशी मी तिची तुलना करणार नाही, कारण तो पिंजरा तिने स्वतःच्या हाताने चिकटवला होता आणि त्याचे कोपरे अंगठ्याने नीट दाबले होते. लग्नाच्या दिवसांत बसूकाका पट्टी काढत नाहीत. तो चौकोन फोटोग्राफरच्या जागेसाठी आखला आहे असं मंडळींना वाटतं, आणि फोटोग्राफरही बिचारा मुकाट त्याच्यात उभा राहतो.

गेल्या श्रावणात बेटावरून मेल आला. अक्काचा मेल माझ्या फोनवर आहे. इंग्रजी वाचायला तिला येतं, पण पत्रांचा तिला कंटाळा, म्हणून ती मीच वाचून दाखवते. जुन्या क्लबने लिहिलं होतं, की त्यांच्या संघात सगळ्या कोवळ्या मुली आहेत, मागे उभी राहून चेंडू थांबवू शकेल अशी एक अनुभवी खेळाडू हवी आहे. प्रशिक्षक म्हणून नव्हे, खेळाडू म्हणून. गुडघा बरा असेल तर यावं. एक हंगाम.

अक्का ऐकत होती. लिंबू फिरत होतं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तो श्रावणभर टिकला. गणपती आले, गेले, तरी तो होताच. या काळात ती आमच्यावर जास्त ओरडे आणि मध्येच हरवे. संघ तिच्या शब्दावर उभा होता हे तिला ठाऊक होतं. हॉल तिच्या शब्दावर, सोनालीसारख्या तिघींना घरून मिळालेली परवानगी तिच्या शब्दावर. आणि एकदा दूर असताना घरी काय होऊन गेलं, तेही तिला ठाऊक होतं. तरी सकाळी सगळ्यात आधी येऊन ती एकटी त्या फरशीवर चेंडू फिरवत असे. मी दारात उभी राहून ऐकायची. घरघर, शांतता, घरघर, शांतता. मी आत गेले की ती चेंडू माझ्याकडे ढकलून चौकोनात जाऊन उभी राही, जणू तिला कुणी काही करताना पकडलं होतं.

पितृपंधरवडा लागला. त्या पंधरा दिवसांत कार्यालयाकडे कुणी फिरकत नाही, बसूकाकांच्या पंचांगात एकही गोल नसतो, आणि आम्ही रोज खेळतो. त्यातल्या एका बुधवारी दुसरा मेल आला. रविवारपर्यंत होय-नाही कळवा, नाहीतर दुसऱ्या खेळाडूला करारबद्ध करावं लागेल. दोन ओळींचा, अतिशय सभ्य मजकूर. मी तो बसमध्ये वाचला, फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि अक्काला सांगितलं नाही.

मी विसरले नव्हते. गुरुवारी सांगेन असं ठरवलं होतं, मग शुक्रवारी. शनिवारी वारणानगरला सामना होता, तो जिंकलो तर पुढच्या फेरीला जाणार होतो, म्हणून सामन्याआधी तिचं मन विचलित करू नये असंही स्वतःला समजावलं. पण खरं मला माहीत होतं. ती गेली तर मागून मला जे दिसतं ते मी कुणाला सांगणार होते? माझ्या वाक्याची वाट बघत थांबणारं माझ्या जगात दुसरं कुणी नव्हतं. रविवार उलटून गेला असता तर ती राहिली असती, आणि ती कशामुळे राहिली हे माझ्याशिवाय कुणालाही कळलं नसतं.

वारणानगरच्या त्या इनडोअर हॉलमध्ये दुपारचं पांढरं ऊन होतं. आम्ही दोन-एकने पुढे होतो आणि शेवटची तीन मिनिटं उरली होती. पण उत्तरार्धातले आमचे पाच फाऊल झाले होते. फुटसालमध्ये सहावा फाऊल महागात पडतो. समोरच्या संघाला दहा मीटरवरून थेट गोलावर मारायला मिळतं, मध्ये कुणालाही भिंत करून उभं राहता येत नाही. फक्त मारणारी आणि गोलरक्षक. अक्का चौकोनात उभी राहून पाचही बोटं दाखवत ओरडत होती, "धक्का न्हाई! कुणी पाय घालायचा न्हाई!"

मग त्यांच्या एका खेळाडूचा लांब पास चुकला. चेंडू कुणाच्याच ताब्यात नव्हता. कडेच्या रेषेलगत, रेषेला चिकटून, तो अक्काच्या दिशेने घरंगळत निघाला. तो बाहेर जाईल असं दिसत होतं, पण अजून गेला नव्हता. मला मागून सगळं दिसत होतं. अक्काचे डोळे चेंडूवर नव्हते. ते आमच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत होते, जिथे त्या क्षणी सोनाली धावायला हवी होती. तिची टाच उचलली गेली. बोटं बुटाच्या आत पसरली असणार, असं मला इतक्या लांबून वाटलं. बाकावरून ओरडा आला, "अक्का, लाईन!"

त्याच्या आधीच आवाज संपला होता.

रेषेच्या आत, खेळातला जिवंत चेंडू तिच्या तळव्याखाली थांबला होता. इतका सुंदर थांबला होता की समोरच्या संघातली धावत आलेली मुलगीही क्षणभर नुसती बघत राहिली. मग अक्काने खाली पाहिलं. स्वतःच्या पायाकडे अशी बघत होती, जणू तो घर सोडून गेलेला कुणीतरी तिला न विचारता परत आला होता.

पंचाची शिट्टी. लाल कार्ड. बाकावरच्या माणसाने खेळातल्या चेंडूला पाय लावला की तोही फाऊलच, आमचा सहावा. अक्का दारातून बाहेर गेली. मी गोलात एकटी उभी राहिले. मारणारीने डावीकडे बघून उजवीकडे मारलं. मला ते दिसलं होतं, पण शरीराला सांगेपर्यंत उशीर झाला. दोन-दोन. शेवटच्या मिनिटात त्यांनी आणखी एक गोल केला.

अक्का बाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती. ती बसली आहे, हेच आधी माझ्या लक्षात आलं. सोनाली तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जिंकलेली म्याच घालवलीसा की तुमी, अक्का!"

"व्हय."

"आमाला म्हणतासा पाय घालू नगा, आन् सोता घालतासा!"

"व्हय गं."

"आन् वर हसताय?"

"व्हय," अक्का म्हणाली, आणि खरंच हसत होती, पण तिचे डोळे भरलेले होते. सोनालीने रागाने पाण्याची बाटली तिच्या पायाशी आपटली आणि ती कपडे बदलायला गेली. बाटली आडवी पडून घरंगळली. अक्काने पाय पुढे केला नाही. बाटली दोन पायऱ्या उतरून गवतात गेली.

"तू बघितलास न्हवं?" तिने मला विचारलं. "मागनं. कसा थांबला, सांग की."

"आवाजच झाला नाही, अक्का," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. त्या चेहऱ्याकडे बघत असताना, माझ्या हातात असलेली गोष्ट माझी नाही हे मला कळलं. मी फोन काढला आणि मेल वाचून दाखवला. दोनच ओळी होत्या. त्या वाचताना माझा आवाज मला कधी नव्हे इतका मोठा ऐकू आला.

"कधी आलाय ह्यो?"

"बुधवारी."

तिने उजवा हात वर केला आणि पंचासारखी एकेक बोट उघडत गेली. बुध. गुरू. शुक्र. शनी.

"चार दिस धरून बसलीस व्हय?" ती म्हणाली. "कवाच शिट्टी वाजली असती गं."

मी रडले असते तर बरं झालं असतं. मी फक्त मान खाली घातली. तिने मला जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने तिच्या तळव्याखालचा एक लहान दगड पुढे-मागे होऊ लागल्याचा आवाज आला.

"पर बोललीस," ती म्हणाली. "आता लिही. येतो म्हणावं. तुळशीच्या लग्नानंतर निघतो. तसं बी लग्नसराईत आपल्याला हॉल मिळत न्हाई. आषाढात परत येतो म्हणावं. तोवर पोरींकडं तू बघ."

"मी?"

"मग कोण? मागनं समदं कुणाला दिसतंय?"

मी तिथेच, पायऱ्यांवर, शाळेत शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत उत्तर लिहिलं. आषाढाच्या जागी जुलै लिहिलं, आणि लिहिताना त्यातून तो ओलसर हॉल, काचांतलं निळं-पिवळं ऊन आणि बसूकाकांच्या पंचांगाचं कोरं पान गळून पडलं. तिकडच्यांना ते कळण्याचं कारणही नव्हतं. तिची आई म्हणाली, "जा की. घरात असतीस तरी कुठं घरात असतीस?"

तुळशीची लग्नं झाली, मांडव उभे राहिले आणि अक्का गेली. निघताना तिच्याकडे एकच बॅग होती. बसूकाकांनी आणलेला नारळ तिने हातात घेतला, खाली ठेवला, तळव्याने एकदा फिरवला आणि मग बॅगेत टाकला.

लग्नसराईत आम्हाला मोजके दिवस मिळाले. मी ओरडायला शिकते आहे. आवाज फाटतो, सोनाली माझी नक्कल करते, पण आता ती माझं ऐकून डावीकडे धावते. नंतर ज्येष्ठातली शेवटची तिथ झाली, मांडव उतरले आणि बसूकाकांचा फोन आला, "पोरी, पान कोरं झालं बघ. या." आषाढ लागून आठ दिवस झाले, तेव्हा क्लबचा मेल आला. करारमदाराचे कागद अजून माझ्याकडेच येतात. त्यांना ती आणखी एका हंगामासाठी हवी होती. मी फोन लावला आणि मेल तिथल्या तिथे वाचून दाखवला. पलीकडे वारा होता, हॉर्न होते, आणि त्यांच्याखाली काहीतरी घरंगळत होतं.

"लगेच सांगितलीस," ती म्हणाली.

"हो. काय लिहू?"

घरंगळणं थांबलं. "बघू," ती म्हणाली.

पिवळा चौकोन तिसऱ्या खांबापाशी आहे. पायांखाली त्याच्या कडा मळल्या आहेत, एक कोपरा सुटला होता तो मी अंगठ्याने दाबून बसवला. मी त्याच्यात उभी राहत नाही. माझी जागा मागे आहे. पण त्या बाजूला फरशीला न दिसणारा चढ असावा, कारण कडेने निघालेला चेंडू चौकोनाजवळ गेला की मंदावतो आणि कधी कधी रेषेवर येऊन अगदी थांबतो, आवाज न करता. तेव्हा धावत आलेली सोनालीसुद्धा पाय उचलत नाही. आम्ही सगळ्याजणी उभ्या असतो, निळ्या-पिवळ्या उजेडात, आणि गेलेल्या माणसाला परत यायला जितका अवकाश द्यावा तितका त्या चेंडूला देतो. मग मी हात वर करते आणि मोठ्यानं मोजायला लागते. काळ कुणासाठी थांबत असेल तर तो एवढाच, चार बोटं उघडेपर्यंत.